शिकंज्याला भिंतीवर जागा द्या

उर्दू वर्तमानपत्रात 'शिकंजा' हा शब्द आला की तो बहुधा कुणाच्या तरी गळ्याभोवती आवळलेला असतो. महागाईचा शिकंजा, कर्जाचा शिकंजा. सुताराच्या दुकानात मात्र हाच शिकंजा कामाचा सोबती असतो. फळ्यांना फेव्हिकॉल लावला की तो वाळेपर्यंत त्यांना घट्ट धरून ठेवणारे लोखंडी हत्यार म्हणजे शिकंजा. नवी मुले त्याला क्लॅम्प म्हणतात. शिकंजा, रंधा, गुण्या हे तिन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि उर्दूत व मराठीत सारखेच रुजले. दोन्ही भाषा शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, हत्यारांच्या पेटीत या भाषा कधी भांडल्या नाहीत.

या महिन्याचा विषय आहे घरच्या छोट्या कारखान्यात शिकंजे ठेवायची मांडणी. विषय किरकोळ वाटेल. पण हत्यार जागेवर नसेल तर काम होत नाही, काम झाले नाही तर दिलेला शब्द पाळता येत नाही, आणि शब्दाशी घराची इज्जत बांधलेली असते. म्हणून दोन पाने यासाठी खर्च करत आहोत.

इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या आमच्या बावड्यात असे घरगुती कारखाने बरेच दिसतात. कुणाच्या पडवीत, कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जुनी धाब्याची घरे पाडली जातात तेव्हा तुळया, चौकटी, फळ्या निघतात, आणि ज्याचा हात चालतो तो त्यातून स्टूल, कपाट, दार बनवतो. अशा घरात करवत खुंटीला असते, पटाश्या डब्यात असतात, रंधा फळीवर असतो. शिकंजे मात्र गोणीत. त्यांचा आकारच अडचणीचा. लांब पाइप, बाहेर आलेले तोंड, आडवी मूठ. एक ओढावा तर तीन गुंतून बाहेर येतात. पावसाळ्यात गोणी ओल धरते, आट्यांवर गंज चढतो आणि पुढच्या वर्षी मूठ फिरत नाही.

फेव्हिकॉल थांबत नाही

शिकंजा हाताशी का हवा, हे समजायला आधी फेव्हिकॉलचे काम समजून घेऊ. हा पांढरा सरस पाण्यात मिसळलेला असतो. दोन लाकडे जोडली की पाणी लाकडात मुरते, हवेत उडते आणि मागे राहिलेला चिकट पदार्थ लाकडाच्या धाग्यांना धरतो. हे होत असताना दोन्ही लाकडे एकमेकांवर दाबलेली असली पाहिजेत. मध्ये फट राहिली तर सांधा वरून चांगला दिसतो आणि पहिल्या वजनाला सुटतो.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये लावलेल्या फेव्हिकॉलवर पाहता पाहता साय धरते. तेवढ्या वेळात फळ्या जुळवायच्या, शिकंजे लावायचे, गुण्याने काटकोन तपासायचा. त्यात गोणी उपसत बसायला वेळ कुठे आहे? म्हणून जुने सुतार आधी कोरडी जुळवणी करतात. फेव्हिकॉल न लावता सगळे शिकंजे लावून पाहायचे, मग काढून हाताशी ओळीने ठेवायचे आणि त्यानंतरच डबा उघडायचा. भिंतीवरची मांडणी म्हणजे हीच तयारी कायमची करून ठेवणे.

गोणीतली हत्यारे आणि विसार

आमच्या ओळखीच्या एका घराची ही हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता लिहीत आहोत. घरातला कर्ता माणूस सुतारकाम करायचा. आजारपणात त्याचा इंतकाल झाला. मागे पत्नी, अकरावीतली मुलगी, नववीतला मुलगा आणि म्हातारी आई. इद्दत संपल्यावर हिशेब पाहिला तेव्हा कळले की एका गिऱ्हाइकाकडून अभ्यासाच्या टेबलाचा विसार घेतलेला आहे. टेबलाचे पाय तयार होते, वरच्या तीन फळ्या रंधून ठेवलेल्या होत्या. जोडायचे तेवढे राहिले होते.

गिऱ्हाईक भला माणूस. त्याने तगादा लावला नाही. पण मयताच्या डोक्यावरचे देणे किती जड मानले जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दिराने सुचवले, हत्यारांची गोणी भंगारात देऊ आणि विसार परत करू. भंगारवाला वजनकाटा घेऊन आलाही होता. म्हाताऱ्या आईने एवढेच म्हटले, "बेचना नक्को." पण गोणीत नेमके काय आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. कोणते हत्यार शेजारी गेले, कोणते परत आले, हे फक्त मयताच्या डोक्यात होते.

गल्लीतल्या एका निवृत्त मिस्त्रींना त्या घरी नेले. त्यांनी गोणी अंगणात ओतली, गंज घासायला लावला आणि मुलांना म्हणाले, "बाळांनो, टेबल नंतर. आधी यांना भिंतीवर लावा. मग कळेल आपल्याकडे काय आहे आणि काय नाही." दोन सुट्ट्यांच्या दिवसांत बहीण-भावाने मांडणी उभी केली. ती कशी केली, तेच आता क्रमाने सांगतो.

लांब शिकंज्यांची फळी

पाइपचे लांब शिकंजे सर्वांत जड. पाऊण इंची जीआय पाइप मीटरला दीड किलोच्या पुढे भरतो. चार फुटी पाइपला दोन्ही तोंडे धरून एक शिकंजा तीन किलोचा समजा. सहा शिकंजे म्हणजे अठरा किलो. हे वजन खिळ्यांवर टांगू नका.

१८ मिलिमीटर जाडीची, तीन फूट लांब आणि पाच इंच रुंद फळी घ्या. जुन्या चौकटीचे सागवान असेल तर उत्तम, नाहीतर चांगला प्लायही चालतो. तिच्या पुढच्या कडेला सहा खाचा करायच्या आहेत. इथे गणित आले. मुलांना विचारले तर ती पटकन सांगतात, छत्तीस इंच भागिले सहा, म्हणजे दर सहा इंचांवर एक. मग कडेपासून सहा, बारा, अठरा असे मोजत जातात आणि सहावी खाच फळीच्या टोकावरच येते. बरोबर रीत अशी : दोन्ही टोकांना तीन-तीन इंच सोडा. राहिले तीस. सहा खाचांमध्ये अंतरे पाचच असतात. तीस भागिले पाच, म्हणजे सहा इंच. खाचा येतील ३, ९, १५, २१, २७ आणि ३३ इंचांवर. खांब आणि त्यांमधली अंतरे हे उदाहरण पुस्तकात सगळेच सोडवतात. फळीवर पेन्सिल चालवली की ते विसरत नाही.

पाऊण इंची पाइप बाहेरून मोजला तर सुमारे २७ मिलिमीटर भरतो, म्हणून खाच ३० मिलिमीटर ठेवा. अर्ध्या इंची पाइप बाहेरून २१ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याला २५ पुरे. पुढच्या कडेपासून अडीच इंच आत खूण करून होल सॉने भोक पाडा आणि कडेपासून भोकापर्यंत करवतीचे दोन समांतर काप घ्या. मधला तुकडा निघून येईल. होल सॉ नसेल तर दोन काप घेऊन मधले लाकूड पटाशीने काढा. कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, म्हणजे हाताला कुसळ लागणार नाही. पाइप खाचेत बसतो, वरचे तोंड फळीवर टेकते आणि शिकंजा सरळ खाली लोंबतो.

फळीला खालून तीन लोखंडी ब्रॅकेट लावा. ब्रॅकेट भिंतीला बसवताना खालच्या स्क्रूमागे एक वायसर सरकवा. त्यामुळे फळीची पुढची कड किंचित उचलली जाते आणि धक्का लागला तरी शिकंजा पुढे घसरत नाही. फळीची लांबी मात्र पाणसळीत हवी.

लहान शिकंजे

सी-क्लॅम्पसाठी खाचा नकोत. अर्ध्या इंची पाइपचा दोन फुटी तुकडा दोन ब्रॅकेटवर आडवा बसवा आणि क्लॅम्प त्याच्यावर टांगून मूठ दोन-तीन वेढे फिरवा. आवळू नका, पडणार नाही इतकेच. चार इंची एकीकडे, सहा इंची दुसरीकडे.

चपट्या पट्टीचे एफ-क्लॅम्प असतील तर पट्टीची जाडी मोजून तिच्यापेक्षा तीन मिलिमीटर रुंद खाचा दुसऱ्या फळीत करा. स्प्रिंगचे चिमटे भिंतीपासून इंचभर पुढे बसवलेल्या लाकडी रिपेला नुसते चावायला लावा.

ज्यांच्याकडे एकही लोखंडी शिकंजा नाही त्यांनी हिरमुसू नये. एका जाड रिपेच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवून, काम मध्ये ठेवून, पाचर मारली की शिकंजाच झाला. सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीत कापली तर खुर्चीच्या गोल पायाला ती लोखंडापेक्षा चांगली धरते. या पाचरी आणि पट्ट्यांनाही एक खिळा द्या.

भिंत कोणती, ते आधी पाहा

विटांची, सिमेंट गिलाव्याची भिंत असेल तर आठ मिलिमीटरचे भोक, प्लॅस्टिकची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू पुरतात. भोक नुसत्या गिलाव्यात न राहता विटेत गेले पाहिजे. पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या भिंतीत गिट्टी धरत नाही. आज टिकेल, महिन्याने मातीसकट बाहेर येईल. अशा ठिकाणी दोन उभे वासे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी चौकट करा, तिचे वजन जमिनीवर येऊ द्या, वरचे टोक फक्त तुळईला बांधा. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला काही अडकवू नका. लोखंडी अँगलला नटबोल्टने धरा.

उभ्या वाशांखाली फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे वाळवी थेट लाकडात चढणार नाही. विजेच्या बोर्डाखाली किंवा वर मांडणी नको. जड शिकंजा कुणाच्याही डोक्याच्या वर नको. लहान क्लॅम्प मुलांच्या हाताला येतील इतके खाली असू द्या, ते हाताळूनच मुले शिकतात. पटाश्या आणि करवती मात्र वेगळ्या, कुलपात.

पावसाळ्यापूर्वी शिकंज्याच्या आट्यांना मशीनचे तेल लावून फडक्याने पुसून घ्या. जादा तेल लाकडावर ठिबकले तर त्या डागावर फेव्हिकॉलही धरत नाही आणि पॉलिशही. पाइपवर तेलाऐवजी मेणबत्ती घासा. सांडलेला फेव्हिकॉल वाळल्यावर नखाने निघतो.

रिकामी खाच

त्या घरी फळीवर सहा खाचा झाल्या आणि शिकंजे निघाले चार. मयत सहा वापरायचा, हे मिस्त्रींना माहीत होते. मुलीने रिकाम्या दोन खाचांखाली पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि त्यावर लिहिले, 'बाहेर गेलेला'. कुणाचे नाव नाही, आरोप नाही. येणारा-जाणारा ती भिंत पाहायचा. आठवड्याच्या आत एक शेजारी स्वतः शिकंजा घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी नेला होता, कुणी मागितला नाही, त्यांच्याही ध्यानातून गेला. दुसरा अजून आलेला नाही. त्याची खाच रिकामीच ठेवली आहे.

इथे उसनवारीबद्दल बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत हत्यारे लपवून ठेवतात, कारण दिलेले परत येत नाही. कुरआनातल्या १०७व्या सूरहचे नावच 'माऊन' आहे. त्या शब्दाचा अर्थ सांगताना मुफस्सिरांनी भांडे, कुऱ्हाड, बादली अशा शेजारी एकमेकांना देतात त्या साध्या वस्तूंचा उल्लेख केला आहे, आणि त्या नाकारणाऱ्यांना ही सूरह ताकीद देते. आजच्या काळात ड्रिल मशीन आणि शिकंजा त्याच यादीत बसतात. द्यायचे तर आहेच. प्रश्न एवढाच की न भांडता कसे द्यायचे.

उपाय मांडणीतच आहे. प्रत्येक खाचेवर रंगाने आकडा टाका, तोच आकडा शिकंज्यावर टाका. शिकंजा बाहेर गेला की त्याच्या खाचेत पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकवा : कोणी नेला, कोणत्या तारखेला. उर्दूत लिहा किंवा मराठीत. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही तर आपल्याला शिकवणच आहे. चिठ्ठी असली की नेणाऱ्यालाही अमानतीची आठवण राहते, आणि मागताना घरच्या बाईमाणसाला संकोच वाटत नाही. उद्या कर्ता माणूस नसला तरी भिंत हिशेब सांगते.

टेबलाचे काय झाले? मिस्त्री समोर खुर्ची टाकून बसले, हात मुलांचे होते. आधी कोरडी जुळवणी. मग तीन फळ्यांच्या कडांना फेव्हिकॉल, दोन शिकंजे खालून, दोन वरून. सगळे एकाच बाजूने आवळले तर फळ्या मध्ये फुगतात, म्हणून ही अदलाबदल. रात्रभर तसेच ठेवले. रमजानच्या आधी टेबल गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचले. विसार वजा जाऊन उरलेली रक्कम त्याने आईच्या हातात दिली. मुलगा आता सुट्टीत मिस्त्रींच्या हाताखाली जातो. मुलीला लाकडापेक्षा मोजमापाची जास्त गोडी लागली आहे. दहावीनंतर आपण डिप्लोमाला जायला हवे होते का, असे विचारते. त्याची माहिती आम्ही काढून देत आहोत. बारावीनंतरही वाटा आहेत.

शाळेच्या बाहेरची शाळा

शिक्षकाने लाकूडकामावर का लिहावे, असे कुणी विचारील. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. पुढे १९६७मध्ये तेच देशाचे राष्ट्रपती झाले. त्यांच्या समितीने मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती उभे करण्याची योजना मांडली. त्यात सूतकताई, शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते. हस्तोद्योग हा जादा विषय नसून गणित, विज्ञान, भाषा यांच्याकडे जाणारा रस्ता आहे, असा त्यामागचा विचार.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात आले. तिथे मुले लाकूड, लोखंड, वीज, शेती यांची कामे प्रत्यक्ष करत शिकतात, आणि तिथूनच मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांपर्यंत गेला. गावाला उपयोगी पडणारे खरे काम मुलांकडून करून घ्यायचे, हा त्यातला गाभा आहे.

प्रत्येकाला पाबळला जाता येणार नाही. पण घरातली एक भिंत प्रत्येकाकडे आहे. आपल्या समाजात सुतार, वेल्डर, गॅरेजवाले, इलेक्ट्रिशियन यांची घरे पुष्कळ. त्या घरांतली मुले वडिलांची हत्यारे रोज पाहतात, पण त्यांची नावे, मापे, किमती त्यांना ठाऊक नसतात. मुलींना तर त्या कोपऱ्यात जायचीच सवय नसते. बाप गेल्यावर ती हत्यारे लोखंडाच्या भावाने विकली जातात, आणि लोखंडाबरोबर एक पूर्ण हुन्नर घराबाहेर जातो. हे थांबवायला मोठी योजना लागत नाही.

या महिन्यात एवढे करा. एका सुट्टीच्या दिवशी गोणी अंगणात ओता. मुलामुलींना जवळ बसवा. प्रत्येक हत्यार घासताना त्याचे नाव आणि काम मोठ्यांनी सांगावे, लहानांनी वहीत लिहावे. मोडकी वेगळी काढा, बाहेर गेलेल्यांची यादी करा. दुसऱ्या सुट्टीला फळी कापा, आणि खाचांचे गणित मुलांना करू द्या. भिंतीला पहिला स्क्रू लावण्याआधी मांडणीचा कागदावरचा नकाशा घरातल्या बाईमाणसाला दाखवा, कारण त्या भिंतीजवळून दिवसातून सर्वांत जास्त वेळा जाणे-येणे तिचे असते. आणि शक्य असेल तर एक खाच जास्तीची ठेवा. पुढचा शिकंजा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या पहिल्या कमाईतून आणील, इन्शाअल्लाह.